हा कशावर असतो?

मागच्या रविवारी ताई आणि दाजी जेवायला आले होते. जेवणं झाली, मागचं आवरलं, आणि नेहमीप्रमाणे मी मागच्या अंगणातून गवती चहाची पात आणि पुदिन्याचे दोन शेंडे तोडून आणले नि गॅसवर पाणी ठेवलं. दूध नाही, पावडर नाही, साखर नाही. दाजींनी कप हातात घेतला, आधी वास घेतला, मग एक घोट, आवडला असणार कारण लगेच दुसरा घेतला, आणि मान वर करून म्हणाले, "भारी लागतंय रे. पण हा कशावर असतो?" मी म्हणलं, कशावर म्हणजे? तर म्हणे, "म्हणजे शुगरवर, का ॲसिडिटीवर? उपाशीपोटी घ्यायचा का? रोज चालतो?" ताई म्हणाली वजनावर असेल बहुतेक. बायको म्हणाली नाही हो, ह्यांना झोपेसाठी लागतो तो. तिघांनी मिळून माझ्या चहाला तीन आजार जोडून दिले आणि मी आपला कप धरून बसलेलो. शेवटी म्हणलं, "कशावरच नाही दाजी, रात्री जेवल्यावर बरा वाटतो." त्यावर ते असं हसले की जणू मी खरी गोष्ट सांगत नाहीये.

ते गेले, पण प्रश्न काही गेला नाही.

खरं तर दाजींचं काही चुकलं नाही, आपल्याकडे अंगणात उगवणारं प्रत्येक पान कशावर तरी असतंच. ओवा पोटावर, सुंठ सर्दीवर, जिऱ्याचं पाणी उष्णतेवर, कोरफड भाजल्यावर. मी लहान असताना आमचं घर नाशकात पंचवटीत होतं, काळारामाच्या मागच्या बाजूच्या गल्लीत, वाड्यात तीन खोल्या, आणि वडिलांना दमा. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवलीय त्यांना सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत गंगेवरून जे धुकं वर चढतं ते गल्लीत शिरलं की दुपारपर्यंत भिंती ओल्या लागायच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, अजूनही). त्या दिवसांत आई अडुळशाची पिकली पानं आणायची, घाटावर बुधवारच्या बाजाराला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात ना, त्यांच्याकडून. पानं ठेचून, ज्येष्ठमधाची काडी टाकून पातेलंभर पाणी आटवून पेलाभर करायचं. रंग गढूळ, आणि कडू म्हणजे किती कडू, जिभेच्या मुळाशी जाऊन बसायचं ते. वडील डोळे मिटून एका दमात प्यायचे. आम्हा भावंडांना खोकला झाला की आम्हालाही, आणि आई समोर उभी, पेला उपडा करून दाखवेपर्यंत हलायची नाही. त्या काढ्यानं छाती मोकळी व्हायची हे मी स्वतः अनुभवलंय, त्यामुळे काढ्यांना नावं ठेवायचा माझा अजिबात विचार नाही. पुढे कळलं की अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं आणि खोकल्याच्या औषधांत मिळतं ते ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच तयार झालंय, तेव्हा तर आईबद्दल फार अभिमान वाटला होता. तिला सांगितलं तर म्हणाली, मग काय, उगीच का पाजत होते.

पण त्याच आईचं अजून एक आठवतं.

न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू आणि त्याच्या शेजारी गवती चहाचा मोठा ठोंब होता. कोणी मुद्दाम लावलेला आठवत नाही, तो होताच. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं की आई अंधारातच हात घालून दोन पाती ओढायची. चुलाणं गेलं होतं, स्टोव्ह होता, त्याच्यावर लहान पातेलीत पाणी. पाच मिनिटांत सगळ्या घरात तो वास. गुळाचा एवढासा खडा घालायची, वाटीत ओतून घ्यायची, कपात नाही, वाटीतच, पदराच्या टोकानं वाटी धरायची आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून फुंकर मारत मारत प्यायची. कोणालाही खोकला नाही, कोणाचं पोट दुखत नाही, आणि ती आम्हाला विचारायचीही नाही हवाय का म्हणून. पावसाळ्यात तर गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेपर्यंत पाणी आलं असं कोणीतरी ओरडत गल्लीतून जायचं, पोरं बघायला पळायची, बाहेर पुराच्या गाळाचा वास आणि घरात गवती चहाचा, ती मात्र वाटी संपल्याशिवाय उठायची नाही. दिवसभरात तिच्या हातून जे जे शिजलं, उकळलं, आटलं ते दुसऱ्या कोणासाठी आणि कशासाठी तरी होतं, हे एवढंच फक्त नव्हतं. तेव्हा हे काही डोक्यात आलं नाही, लहान होतो. आत्ता दाजींनी विचारल्यावर आलं. तिला कोणी कधी विचारलं असतं की ही वाटी कशावर, तर ती काय म्हणाली असती?

२०२० चं, करोनाचं साल सगळ्यांना आठवतच असेल. आयुष मंत्रालयाची सूचना आली होती, तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ, मनुका असा काढा दिवसातून एकदोनदा घ्या म्हणून, हवा तर गूळ-लिंबू घाला. सूचना साधी होती. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्यात एकेक वस्तू वाढत गेली, लवंग आली, गुळवेल आली, हळद, कडुलिंब, लसूणसुद्धा. प्रत्येक घरातून दिवसभर तोच तिखट वाफारा. माझ्या शेजारच्या काकूंचं पोट त्या मिऱ्यांनी इतकं जळायला लागलं की डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला, आणि बंद करायची त्यांना भीती वाटत होती, हे मला फार लागलं. भीतीनं प्यायलेली ती पातेली होती सगळी. कोणाला दोष देत नाही, त्या दिवसांत हातात दुसरं काही नव्हतं, आपल्या माणसासाठी काहीतरी करतोय एवढा आधार तरी त्या काढ्यानं दिला. पण तेव्हापासून तुळशीचं पान उकळताना दिसलं की बऱ्याच जणांना आधी आजारपणच आठवतं, माझ्या मुलीला तर अजून तो वास नको वाटतो.

मी स्वतः ह्या बिनदुधाच्या चहाकडे आलो तो शिफ्टमुळे. सातपूरला कंपनीत होतो, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराला घरी, आणि सवयीनं घरी आल्यावर कडक चहा. मग पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडायचं. कॅफिन प्यायल्यावर पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं, म्हणजे बाराचा चहा सकाळी सहाला अजून शिल्लकच. बायकोनं एक दिवस पावडरीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला आणि गवती चहा उकळून पुढ्यात ठेवला. झोप यायला लागली. ह्यात गवती चहाची जादू वगैरे मी मानत नाही, माझं सरळ मत आहे की पावडर गेली म्हणून झोप आली. पण गवती चहानं दुसरं एक काम केलं, बाराला घरी आल्यावर काहीतरी गरम हातात हवं असतं, कोणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटायला हवं असतं, ती जागा त्यानं भरली. आता शिफ्ट नाही, वेळेत घरी असतो, तरी तो सुटला नाही आणि सोडायचाही नाहीये.

पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊस घेतलं तेव्हा मागे वीतभर म्हणावी अशी जागा सुटली होती. बिल्डरनं फरशी टाकून देतो म्हणलं होतं, नको म्हणलं. तिथे सगळ्यात आधी गवती चहा गेला. त्याला कुंडीत ठेवलं तर जगतो पण खुंटतो, जमिनीत गेला की दुसऱ्या पावसाळ्यात मांडीइतका उंच आणि मिठीत न मावणारा होतो. पात हिरवी, जराशी निळसर, मधली शीर पांढरी, आणि कडेला हात लावून उलटा फिरवला की बोट कापलंच समजा, करवतीसारखी बारीक धार असते. म्हणून तोडताना पात बुडाशी धरायची आणि बाहेरच्या बाजूला वाकवून मोडायची. मोडल्याबरोबर वास येतो. लिंबाचाच वास, कारण दोन्हींत सिट्रल असतं, आणि तरी आंबटपणाचा लवलेश नाही, हे मला दर वेळी नवलच वाटतं, नाकाला लिंबू आणि जिभेला गवत. थंडीत त्याची टोकं तांबूस होऊन वाळतात, निफाडला पारा घसरला अशी बातमी आली की आमच्याकडेही तो मरगळतोच. तेव्हा वाळकी पात सगळी कापून त्याच्याच बुडाशी पसरून टाकतो, होळीनंतर पाणी वाढवलं की हिरवे कोंब परत वर येतात.

मामांच्या द्राक्षबागेच्या बांधावर, दिंडोरीकडे, ह्याहून जोरकस गवती चहा आहे. इतका काळपट हिरवा की बघत राहावं. मी हात पुढे केला तर मामा म्हणाले, "त्याला हात लावू नको." ऑक्टोबर छाटणी झाली की बागेवर फवारण्या सुरू होतात, डावणी, भुरी, रोग काय एक आहे का, आणि वारा काही बांध बघून थांबत नाही. त्यांच्या घरात चहाला लागणारी पात वेगळी, अंगणात हौदापाशी. तेव्हापासून मी रस्त्याकडेची किंवा शेताकडेची पात कोणी कितीही प्रेमानं दिली तरी उकळत नाही. हे एवढं तरी सगळ्यांनी पाळावंच असं वाटतं, कारण भाजी आपण सोलतो, शिजवतो, पण इथे पान सरळ पाण्यात उतरतं आणि ते पाणीच आपण पितो.

तुळशीचं आमच्याकडे वेगळं प्रकरण आहे. आई आता थकलीय, माझ्याकडेच असते. वृंदावनातल्या तुळशीचं पान ती चहासाठी तोडू देत नाही, दिवेलागणीनंतर तर कुठल्याच तुळशीला हात लावायचा नाही, द्वादशीला नाही. म्हणून कुंपणाकडे चहाची म्हणून दुसरी तुळस आहे, काळी, आणि रात्रीसाठी लागणारी पानं ऊन असतानाच तोडून ओल्या फडक्यात ठेवायची. आधी मला ह्याचा कंटाळा यायचा. आता संध्याकाळी पाच-साडेपाचला मागे जाऊन तुळशीची पानं बघून तोडणं हाच त्या चहाचा अर्धा भाग झालाय. मंजिऱ्या खुडत राहायच्या, नाहीतर झाड बी धरतं आणि लाकूड होऊन बसतं. पुदिना बाजारातल्या जुडीतलाच, दोन जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, तो जिन्याच्या सावलीत. पानओव्याची जाड लवदार पानं तर कुठेही वाढतात पण चहात अर्धं पान पुरे, पूर्ण टाकलं तर बाकी कोणाचा वास उरत नाही. मुलीसाठी गोकर्णीचा वेल आहे कुंपणावर, निळी फुलं गरम पाण्यात टाकली की शाईसारखं निळं पाणी होतं आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं, आम्लानं त्यातला रंग बदलतो. चव म्हणाल तर फार काही नाही, पण मुलगी तेवढ्यासाठी माझ्याबरोबर ओट्याशी उभी राहते, ते मला पुष्कळ आहे.

करायची रीत सांगतो, कारण बहुतेक घरी हे सगळं एकत्र टाकून खदखदा उकळतात आणि मग कडवट लागतं म्हणून साखर घालतात. दोन कप हवे असतील तर सव्वादोन कप पाणी. गवती चहाच्या तीन पाती धुवून, दुमडून त्यांचीच गाठ मारायची म्हणजे गाळताना त्रास नाही. आल्याचा पेराएवढा तुकडा, किसायचा नाही, नुसता ठेचायचा. दोन्ही गार पाण्यातच टाकून गॅस लावायचा, उकळी आली की बारीक करून वर झाकण, चार-पाच मिनिटं. पात चिवट असते, तिला उकळी सोसते. मग गॅस बंद. बंद झाल्यावर तुळशीची पाच-सहा पानं हातानं फाडून आणि पुदिन्याचा शेंडा, परत झाकण, आणि पाच मिनिटं कोणी त्याला हात लावायचा नाही. पुदिना उकळला की काळा पडतो आणि त्याचा तो गारवा वाफेबरोबर निघून जातो. आयुर्वेदात ह्या दोन्ही रीती आहेतच, पाणी आटवून करायचा तो काढा आणि गरम पाण्यात टाकून झाकून ठेवायचा तो फांट, नाजूक, वासाच्या गोष्टींना फांट. झाकण उचलताना बघा कधी, आतल्या बाजूला थेंबांची जाळी जमलेली असते, ओट्यावरच्या दिव्यात चमकते. ते थेंब ओट्यावर सांडू द्यायचे नाहीत, झाकण तिरकं करून परत पातेल्यातच उतरवायचे. वासाचं तेल वाफेबरोबर वर गेलेलं असतं ते त्या थेंबांत असतं. आईनं हे कधी बोलून शिकवलं नाही, पण ती झाकण तसंच तिरकं करायची.

गाळल्यावर रंग येतो फिकट पिवळा, हिरव्याकडे झुकणारा. पहिला घोट बिनगुळाचा घ्या.

आता दाजींनी विचारलेलं एक मात्र बरोबर होतं, रोज चालतो का. ज्या पानाकडून काम करून घ्यायचंय त्याचं माप असतं, ते विचारलंच पाहिजे. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज रोज घालणारी माणसं मी बघितलीत, पण ते फार दिवस जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. अडुळसा गरोदर बाईला द्यायचा नाही, हे आमच्या आईलाही माहीत होतं. ह्या गोष्टी वैद्याला, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. जेवणानंतरचा माझा कप त्यातला नाही. त्यात आलं जास्त झालं तर तिखट लागेल, कमी झालं तर फिकट, एवढंच. आणि मला खरंच वाटतं की घरात असं काहीतरी असावं ज्याच्याकडून आपल्याला काही दुरुस्त करून घ्यायचं नाहीये. वजन, शुगर, झोप, इम्युनिटी, हल्ली जेवणाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ कामाला लावलाय आपण, साधी काकडी खाताना पण तिच्यात काय असतं ते कोणीतरी सांगतंच. माझी बहीण हुशार बाई आहे, पण मागच्या काही वर्षांत तिनं नुसतं आवडतं म्हणून काही खाल्लंय का, आठवत नाही. तिच्याबद्दल वाईट वाटतं, आणि मला हे तिला नीट सांगता पण येत नाही, कारण ती म्हणणार, वडिलांचा दमा विसरलास का. विसरलो नाहीये. घरात एक माणूस सतत आजारी असलं की सगळं घर उपायच शोधत राहतं, ती सवय तिच्या हाडात आहे आणि माझ्याही असणार.

आईला हल्ली ऐकू कमी येतं. रात्री तिच्यासाठी मी वाटीतच ओततो, गुळाचा खडा घालून. ती गुळाची चव बघते आणि कधी म्हणते जास्त झाला, कधी काहीच म्हणत नाही. परवा तिला जवळ जाऊन, मोठ्यानं विचारलं, आई तू पंचवटीत असताना रोज रात्री हा का प्यायचीस गं? तिला वाटलं मी कुठल्या दुखण्याबद्दल विचारतोय. "मला काही होत नव्हतं तेव्हा," म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तेवढंच बसायला मिळायचं."

ठोंब यंदा फारच माजलाय, मधली पात दाटून पिवळी पडायला लागलीय, तेव्हा जूनमध्ये दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन माती खोलवर भिजली की तो फोडणार आहे. पाच-सहा घरांना सहज पुरतील एवढे फुटवे निघतील, मुळासकट, वरची पात अर्धी छाटून देईन. ओळखीतल्या कोणाला हवे असतील तर आधी सांगून ठेवा, आणि घरी उन्हाची जागा बघून ठेवा. पाणी साचेल अशी नको. लावल्यावर नवीन कोंब वर येऊन नीट जोर धरेपर्यंत तोडायची घाई करू नका. आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे लावणार असाल तर साबणाचं पाणी तेवढं वळवून द्या.